डांबराखालची लँडमास्टर

शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यापासून आमच्या गल्लीत साहेबराव सोनकांबळ्यांशी बोलायचं तर उकिडवं बसावं लागे. कारण साहेबराव जमिनीच्या खाली असत आणि त्यांच्या डोक्यावर त्यांची मोटार असे. येणारा-जाणारा गुडघे मोडून बसायचा, गाडीखालच्या काळोखात तोंड घालायचा आणि विचारायचा, "काय साहेबराव, निघाला का गंज?" आतला खरवडण्याचा आवाज थांबायचा, मग खोकला यायचा, मग उत्तर. उत्तर रोज तेच. "निघून राहिलाय की!"

हे जमिनीखालचं प्रकरण आधी सांगून टाकतो.

लातूर जिल्हा झाला ब्याऐंशी साली. मी त्या जिल्ह्याबरोबरच आलो. म्हणजे टेबलं, खुर्च्या, फायलींची कपाटं आणि मी असे उस्मानाबादेहून एकाच ट्रकमधून आलो. जिल्हा झाला म्हणजे आता पाणी येणार, असं गल्लीत सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. तालुक्याला चार दिवसांआड पाणी मिळत असेल तर जिल्ह्याला रोज मिळावं, एवढाच त्यामागचा विचार. आणि दोन वर्षांनी खरोखरच माणसं आली. त्यांनी गल्लीच्या मधोमध छातीइतका खोल चर खणला आणि ती नळ आणायला गेली. ती गेली ती गेलीच. चर कोणत्या खात्याचा, हे मी कचेरीत नोकरीला असून मला शोधता आलं नाही. तीन ठिकाणी विचारलं, तिन्ही ठिकाणी तो दुसऱ्यांचा असल्याचं मोठ्या आदबीनं सांगण्यात आलं. दोन वर्षांत त्या चरात एक शेळी, दोन सायकली आणि एकदा मी पडलो.

त्याचा पहिला उपयोग केला तो साहेबरावांनी. मे महिन्याच्या अखेरीला ते बांधकाम खात्याच्या डायवरकीतून निवृत्त झाले आणि चौथ्या दिवशी त्यांनी आपली गाडी ढकलत आणून चरावर उभी केली. दोन चाकं चराच्या अलीकडच्या कडेला, दोन पलीकडच्या. मधे चर. गॅरेजात असतो तसा खड्डा घरच्या दारात तयार.

"भाऊसाहेब," मला म्हणाले, "तुमच्या जिल्ह्यानं एक तरी काम बराबर केलं बगा."

गाडी म्हणजे लँडमास्टर. पंचावन्न-छप्पन्न सालचा माल. गोल बॉनेट, गोल पाठ, समोर दातांसारखी जाळी. उभी असली की एखादी पोक्त बाई लग्नात जेवून सुपारी कातरत बसल्यासारखी दिसायची. ही मूळची खात्याचीच. नांदेडला असताना साहेबरावांनी ती दहा वर्षं चालवली, साहेब मागे आणि हे पुढे. एकोणसत्तर साली ती निर्लेखित झाली. आमच्या सरकारी मराठीत मोडीत निघाली याला निर्लेखित झाली म्हणतात; त्यानं मोडलेल्या वस्तूला जरा बरं वाटतं. लिलावात भंगारवाले आले, त्यांनी चाकाला लाथ मारून बघितली आणि ते निघून गेले. उरले एकटे साहेबराव. तोवर त्यांची बदली लातूरला झाली होती. नांदेडहून लातूरपर्यंत ती गाडी त्यांनी बैलगाडीच्या चालीनं, पण स्वतः चालवत आणली. मागची सीट रिकामी ठेवून. मागं कोण बसणार हे ठरलेलं होतं.

आता ते ठरलेलं काय, ते सांगतो. सबंध गाडी त्याच्यावरच उभी होती.

छप्पन्न सालच्या दसऱ्याला साहेबराव नागपूरला गेले होते. अठ्ठावीस वर्षांचे होते, नांदेडला कापसाच्या ट्रकवर क्लीनर होते. लाखो माणसं गेली, तसे हेही गेले आणि बौद्ध होऊन परत आले. सरजाबाईंना मात्र जाता आलं नाही. त्या बारा दिवसांच्या बाळंतीण होत्या, चांगुणा पोटाशी. ही चांगुणा आता धर्माबादला सासरी असते. साहेबराव निघाले तेव्हा सरजाबाई खाटेवर उठून बसल्या आणि रडायला लागल्या. तेव्हा या क्लीनरनं, ज्याला अजून स्टीअरिंगला हात लावायची परवानगी नव्हती त्यानं, बायकोला सांगितलं, "रडू नको सरजे. पुढच्या बारीला तुला मोटारीत मागं बसवून नेतो. साहेबिणीवानी."

त्या वाक्याला शहाऐंशीच्या दसऱ्याला तीस वर्षं होणार होती.

तीस वर्षांत का नेलं नाही, असं मी एकदा विचारलं. साहेबराव हसले. "भाऊसाहेब, मी सरकारी डायवर. दसऱ्याला सरकारी गाडीची पूजा असतीय." खरंच होतं ते. दसऱ्याला खात्याच्या सगळ्या गाड्या धुऊन, पुसून, रांगेत उभ्या करायच्या. साहेब येऊन हार घालणार, नारळ फोडणार, झेंडूच्या पाकळ्या बॉनेटवर उधळणार. त्या दिवशी डायवर जाग्यावर पाहिजे म्हणजे पाहिजे. ज्या दिवशी साहेबरावांनी तसल्या सगळ्या पूजा सोडल्या, नेमक्या त्याच दिवशी दरसाल त्यांना पूजेच्या गाडीपाशी उभं राहावं लागे. "हार घालणारे येगळे, धुणारा मी," ते म्हणाले. "नारळाचा तुकडा देत. मी चपराश्याच्या पोराला देऊन टाकत होतो."

सरजाबाई आतून ओरडल्या, "यष्टीनं नेलं असतं तर चार दिसाची रजा पुरली असती! दसऱ्याला न्हाई तर चौदा आक्टोबरला न्यायचं!"

"यष्टीनं मी बोललो नव्हतो," साहेबराव म्हणाले.

हा साहेबरावांचा स्वभाव. बोललं ते बोललं, अगदी अक्षरासकट. बाकी माणूस अतिशय लोण्यासारखा. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, कारण चौतीस इंच उंचीच्या दारांतून तीस वर्षं आत-बाहेर केलेलं. खाकी अंगात इतकी मुरलेली की निवृत्तीनंतर पांढरा सदरा घातला तर गल्लीतली कुत्री भुंकायची. जगातल्या कुठल्याही आजारावर त्यांच्याकडे एकच औषध होतं आणि ते म्हणजे डांबर. बांधकाम खात्यात डांबराला तोटा नसतो. रस्त्याच्या कामावर पिंपाच्या तळाशी जे उरतं ते डायवर लोक डब्यात घरी आणत. साहेबरावांचं छप्पर डांबराचं, मोरीची भेग डांबरानं बुजवलेली, पाटाचा मोडका पाय डांबरानं चिकटवलेला, शेजारच्या म्हशीच्या फुटलेल्या खुराला डांबर. माझ्या छत्रीला त्यांनी इतक्या प्रेमानं डांबर लावून दिलं की ती परत कधी उघडली नाही.

"मला तेवढं लावायचं ऱ्हायलंय," सरजाबाई म्हणायच्या. "टाचंच्या भेगात तेबी लावून बगितलं यांनी एकदा. आठ दिस चप्पल निघंना."

गाडीला तर ते दरसाल पोटाखालून डांबर द्यायचे. पत्र्याला पाणी लागू नये म्हणून. हाताच्या बोटांनी, आईनं पोराला तेल लावावं तसं. गल्लीत गाडीचं नावच डांबरी पडलं होतं.

आणि मग आला बहात्तरचा दुष्काळ.

मी तेव्हा इथे नव्हतो. पण गल्लीतला कोणीही माणूस ही हकिकत सांगतो आणि सांगताना त्याचा हात आपोआप गाडीच्या दिशेनं जातो. विहिरी आटल्या, हापशातून वारा यायला लागला. गावापासून सात मैलांवर एका मळ्याच्या विहिरीला तेवढं पाणी होतं. साहेबरावांनी गाडीची मागची सीट काढून घरात ठेवली आणि त्या जागी घागरी, हंडे, दुधाचे कॅन असं काय काय मांडून रोज संध्याकाळी ड्यूटीवरून आल्यावर खेपा सुरू केल्या. दुसऱ्या वर्षीचा पाऊस येईपर्यंत. गल्लीतल्या चाळीस घरांना त्या गाडीनं पाणी पाजलं. रस्ता असा की घागरीला तोंडाशी फडकं बांधलं तरी हिंदकळून तिसरा हिस्सा गाडीतच सांडायचा. साहेबराव हे ओळखून होते. गाडीच्या तळाला रोज पाणी लागतंय, म्हणजे काळजी घ्यायला पाहिजे. म्हणून दर महिन्याला ते गाडीखाली जायचे आणि डांबराचा नवा हात द्यायचे. एवढी काळजी त्या साली लातुरात कुणी माणसांचीसुद्धा घेतली नसेल.

काढलेली मागची सीट मात्र परत गाडीत गेली नाही. ती घरातच राहिली, भिंतीशी, सरजाबाईंची दुपारची बैठक म्हणून. तांबड्या रेक्झिनची, दोन ठिकाणी उसवलेली. सरजाबाई तिच्यावर बसून शेंगा फोडायच्या, तांदूळ निवडायच्या. "बसली हाय की मी साहेबिणीवानी," त्या म्हणायच्या. "गाडी तेवढी भायेर हाय."

तर असे हे साहेबराव शहाऐंशीच्या जूनमध्ये चरात उतरले. यंदाच्या दसऱ्याला ते रिकामे होते. कुणाच्या गाडीची पूजा नव्हती. इंजिन त्यांनी हिवाळ्यातच जुळवून ठेवलं होतं. ते कुरकुर करायचं, पण चालायचं. आता फक्त तळ साफ करायचा, कुठं थोडाफार जंग असेल तो खरवडायचा, तांबड्या ऑक्साईडचा हात द्यायचा आणि निघायचं. नांदेड, हदगाव, उमरखेड, यवतमाळ, वर्धा, नागपूर. वाटेतल्या प्रत्येक पुलाची रुंदी त्यांना पाठ होती.

हत्यार म्हणून त्यांनी सरजाबाईंचं खुरपं घेतलं. शिवाय तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि बाटलीत रॉकेल. पहिला आठवडा तर नुसतं डांबर निघण्यात गेला. सतरा वर्षांचे थर! रॉकेलचा बोळा फिरवायचा, थोडं मऊ झालं की खुरप्यानं भाकरीच्या पापुद्र्यासारखं उचकटायचं. उन्हात डांबराची भलीमोठी पोळी सुटून साहेबरावांच्या छातीवर पडायची. त्या वर्षीही पाऊस नव्हता. आभाळ घासलेल्या परातीसारखं कोरडं. गल्लीत टँकर यायचा, बाया भांडायच्या, आणि चरातून संथपणे खर्र खर्र आवाज यायचा.

दुसऱ्या आठवड्यात मी कचेरीतून येत होतो. साहेबराव चरात स्तब्ध उभे. चेहऱ्यावर उजेडाचा एक बारीक ठिपका पडलेला, अगदी गालफडावर. मी वाकून बघितलं. गाडीच्या तळाला भोक होतं, त्यातून वरच्या खिडकीतलं ऊन थेट खाली येत होतं.

"खिळ्याचं भोक दिसतंय," साहेबराव म्हणाले.

"असेल," मी म्हणालो.

त्यांनी भोकाची कड साफ करावी म्हणून खुरप्याचं टोक हलकेच लावलं. कड आत गेली. आता रुपयाएवढा उजेड त्यांच्या तोंडावर होता. त्यांनी पुन्हा कड शोधली, ती पुन्हा गेली. आम्ही दोघं बघत होतो. तिन्हीसांजेपर्यंत त्या उजेडात साहेबरावांचा चेहरा संपूर्ण दिसायला लागला, आणि तो तसा मला आधी कधी दिसला नव्हता.

पुढचे पंधरा दिवस गल्लीतले तेलाचे रिकामे डबे गोळा झाले. डबे कापून, ठोकून सपाट करून साहेबराव ते आतून लावायचे. पण डब्याचा पत्रा कशाला तरी धरायला पाहिजे. ज्याला धरायला जावं तेच हातात यायचं.

शेवटी औशाच्या रस्त्यावरचा वेल्डर रेवणप्पा आला. हा निलंग्याकडचा, घरी कानडी बोलणारा. कामात पक्का आणि जिभेला धार. चष्मा कपाळावर सरकवून चरात उतरला. हातोडीनं एकेक जागी टकटक करत, मान वाकडी करून आवाज ऐकत राहिला. सरजाबाई चहा घेऊन कडेला उभ्या होत्या, तो गार झाला.

"मामा," रेवणप्पा म्हणाला, "वेल्डिंगला लोखंड लागतंय ओ. हितं कब्बिण इल्ल. लोखंडच न्हाई."

"कुटं तरी आसंल की. नीट बग."

"बगितलं. जीपला चासी येगळी असतीय, पत्रा गेला तरी चासी ऱ्हातीय. ह्या गाडीला येगळी चासी न्हाई. हा तळ म्हंजेच चासी. तळ गेला की गाडी गेली." आणि मग तो जरा थांबून म्हणाला, "आता जंग काढू नका. जंग हाय म्हणून उभी हाय ती."

"पण मी तर डांबर देत होतो! दर साल! बहात्तरला तर दर महिन्याला!"

रेवणप्पानं चष्मा काढला आणि शर्टाला पुसला. मला वाटतं, त्यालाही ते सांगायचं नव्हतं.

"त्येच झालं की मामा. वरून पानी सांडलं, खालून तुमी डांबर लावलं. मधी पत्रा. पान्याला जायला वाट कुटं ठेवली तुमी? मोकळं सोडलं असतं तर वाळून गेलं असतं. तुमी तिला वल्लीच बांधून ठेवली."

रेवणप्पानं गार चहा घेतला, मजुरी घ्यायला नको म्हणाला, सायकलवर टांग मारली. थोडं पुढे जाऊन वळून ओरडला, "इंजान चांगलं हाय मामा! पान्याच्या पंपाला लावा!" माणूस वाईट नव्हता. पण पंपाला पाणी कुठे होतं?

त्या दिवसानंतर साहेबराव काम थांबवतील असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला खर्र खर्र सुरू. मी तसाच जाऊन उकिडवा बसलो.

"साहेबराव, रेवणप्पा तर काढू नका म्हणाला."

"हाव."

"मग आता कशाला?"

बराच वेळ नुसतं खुरपंच बोललं. मग म्हणाले, "भाऊसाहेब, कुटं तरी खरं लोखंड असंल ना? हातभर तरी? एकडाव त्ये दिसू द्या. मग बगू."

मी त्यांच्या अंगावर पडलेला चुरा बघत होतो. तपकिरी, हलका, गुळाच्या भुग्यासारखा. केसांत, भुवयांत, कानात. त्या चुऱ्यातच कुठेतरी बहात्तर सालची गल्लीची तहान होती. ज्यांना पाणी पाजलं त्यातले निम्मे आता जिल्ह्याच्या नव्या वसाहतींत गेले होते. उरलेले टँकरपाशी भांडत होते. गाडी कशानं गेली हे त्यांना सांगितलं तर ते चुकचुकले, आणि एक जण म्हणाला की, "साहेबरावानं तवा एक घागर कमी नेली असती तर बरं झालं असतं." त्यात आपली घागर कोणती, हे मात्र तो बोलला नाही.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. जिल्ह्याचा वाढदिवस झाला, झेंडावंदन झालं. साहेबराव पुढच्या चाकांपासून मागच्या चाकांपर्यंत आले आणि पुन्हा पुढे गेले. गाडीच्या आत बघितलं तर चर दिसायचा. स्टीअरिंग होतं, गिअरची दांडी होती, पायाखाली काही नव्हतं. ती चार दरवाजे आणि एक छप्पर एवढीच उरली होती. बाहेरून मात्र तशीच, लग्नात जेवलेल्या बाईसारखी.

सरजाबाईंनी या काळात एक काम केलं. चांगुणाकडून पांढरं लुगडं मागवलं. ते धुऊन, नीळ देऊन, घडी घालून तांबड्या सीटवर ठेवलं. नीळ द्यायला पाणी कुठलं, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "भांडून आणलं." दसऱ्याला गल्लीतल्या मंडळींनी नागपूरला जायला एक यष्टी ठरवली होती. पंधरा दिवस आधी नावं घ्यायला माणूस आला तेव्हा सरजाबाई चराच्या कडेला येऊन बसल्या. मी माझ्या ओट्यावर पेपर वाचत होतो. निदान पेपर धरून होतो.

"आवो."

खर्र खर्र.

"आवो डायवर! नावं घेऊन राहिले. दोन सांगू का?"

खुरपं थांबलं. "पुढच्या साली," आतून आवाज आला.

"पुढच्या साली काय नवी गाडी येणार हाय का?"

"दुसरा तळ टाकता येतो. मी इचारलंय नांदेडात."

"तीस साल झाले. माझं गुडघं अजून हायेत तवर जाऊ द्या मला."

"सरजे, मी बोललो होतो…"

"तुमी बोलला होता. मी काय बोलले होते? मी रडले होते फकस्त." त्या उठल्या. उठताना गुडघ्यावर हात टेकून थांबल्या, तेव्हा त्यांचा श्वास मला ओट्यापर्यंत ऐकू आला. "नागपूर काय तुमच्या गाडीत ठेवलंय व्हय? त्ये तितंच हाय. दोन नावं लिवा हो," त्या यादीवाल्याला म्हणाल्या. "एक सरजाबाई. दुसऱ्याचं त्येला इचारा."

यादीवाल्यानं चराकडे बघितलं. चरातून काही आवाज आला नाही. त्यानं एकच नाव लिहिलं आणि पुढं एक रेघ मोकळी सोडली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी यष्टी आली. चरामुळे ती गल्लीत येईना, तोंडाशीच उभी राहिली. बाया पांढऱ्या लुगड्यांत, बापे पांढऱ्या सदऱ्यांत, पोरांच्या हातात निळे झेंडे, डब्यात भाकरी-चटणी. सरजाबाईंना मी त्या दिवशी नव्यानंच बघितलं. पिशवी काखेत धरून त्या चराशी आल्या. साहेबराव सकाळपासून खालीच होते.

"जाते."

खर्र खर्र थांबलं. मग चराच्या कडेवर दोन हात आले आणि साहेबराव वर आले. कोपरापर्यंत काळे, त्यावर गंजाची तपकिरी. डोळे तेवढे माणसाचे.

"चला की," सरजाबाई हळू म्हणाल्या. "जागा हाय अजून. रॉकेलनं निघतंय डांबर. अंगाला पानी मी ठेवलंय घागरभर, झाकून."

साहेबरावांनी आपले हात उलटे-सुलटे करून बघितले. माझ्या मनात आलं, आता हो म्हणतील. मी घागर आणायला म्हणून उठलोसुद्धा.

"तितं पांढरं घालून जातेत," ते म्हणाले. "हे असं घेऊन कुटं येऊ?"

ते हाताबद्दल बोलत होते की आणखी कशाबद्दल, मला विचारवलं नाही. सरजाबाईंनीही विचारलं नाही. त्या वळल्या आणि यष्टीकडे चालायला लागल्या. आणि हातात खुरपं तसंच घेऊन साहेबराव त्यांच्यामागे, चार पावलं अंतर ठेवून.

यष्टीची पायरी उंच. सरजाबाईंचा पाय पोचेना. साहेबरावांनी हात पुढे केला, पांढरं लुगडं बघितलं आणि मागे घेतला. दोन बायांनी त्यांना वरून ओढून घेतलं. मग साहेबराव काय करतायत हे आम्हाला कुणाला कळायच्या आत ते यष्टीपाशी जमिनीवर आडवे झाले आणि पाठीवर सरकत थेट गाडीच्या खाली गेले.

"ओ बाबा! कोण हाय खाली!" डायवर घाबरून ओरडला. यष्टीतले हसायला लागले. "सोनकांबळेमामा हायेत, जंग बघायला गेले," कुणीतरी म्हणालं. खालून ठण, ठण असा आवाज आला. खुरप्याच्या मुठीनं ते ठोकून बघत होते. पुढच्या चाकापाशी, मधे, मागे स्प्रिंगच्या पाट्यांपाशी. ठण. ठण. भरीव आवाज. तो ऐकता ऐकता यष्टीतलं हसू एकेक करून थांबलं.

साहेबराव बाहेर आले. धुळीनं माखलेले. डायवरच्या खिडकीपाशी गेले.

"लोखंड हाय," ते म्हणाले. "हदगावच्या पुढं वळणाचा पूल अरुंद हाय, हळू घ्या. मागं माझी मंडळी हाय."

यष्टी गेली. सरजाबाई खिडकीत होत्या, पण पलीकडच्या बाजूच्या खिडकीत होत्या.

तीन दिवसांनी त्या परतल्या. संध्याकाळ होती. पाय सुजलेले, आवाज बसलेला, चेहऱ्यावर मात्र काहीतरी असं की गल्लीतल्या बाया त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या घरात न जाता आधी चराशी आल्या आणि कडेला बसल्या. खालचा आवाज थांबला.

"रस्ता कसा व्हता?" साहेबरावांनी विचारलं.

"यवतमाळच्या पुढं चांगला हाय."

"आन अलीकडं?"

"तुमच्या खात्याचा."

खालून हसण्यासारखं काहीतरी आलं.

"गर्दी?"

"मुंग्यावानी."

"तुला दिसलं का सगळं?" साहेबरावांनी विचारलं.

"दिसलं."

"बरं झालं," ते म्हणाले. आणि पुन्हा खर्र खर्र सुरू झालं. पण मी इतके महिने तो आवाज ऐकत होतो, त्यामुळे मला कळलं की खुरपं आता कशालाच लागत नव्हतं. ते नुसतं हवेत, कडेच्या मातीवर फिरत होतं.

दिवाळीआधी माणसं चर बुजवायला आली. नळ आले नव्हते, माती मात्र आली. गाडी हलवायला पाहिजे होती. आम्ही आठ-दहा जणांनी पुढून दोर लावला आणि ओढलं. पुढचा भाग आला. मागचा तिथेच राहिला. मधे दोन फूट जागा पडली आणि त्यातून पलीकडचं सरजाबाईंचं दार दिसायला लागलं. चर बुजवणारा मुकादम म्हणाला, "आरारा." एवढंच. रेवणप्पानं हातगाडी पाठवून दिली. तुकडे नेताना साहेबराव शेजारून चालत होते, एका हातानं बॉनेट धरून, पडू नये म्हणून.

खुरपं सरजाबाईंनी धुऊन परत घेतलं. झिजून ते बोटाएवढं झालं होतं. तण काढायच्या कामाचं राहिलं नव्हतं.

मी अजून त्यांच्याकडे जातो. संध्याकाळी दोघं बाहेर बसलेली असतात. गाडी होती त्या जागेकडे तोंड करून. ती तांबडी सीट त्यांनी आता ओट्यावर आणून ठेवली आहे. सरजाबाई तिच्या एका टोकाला बसतात, दुसरं टोक मोकळं ठेवून. मला त्या तिथे बसू देत नाहीत. खुर्ची आणायला लावतात.

साहेबराव खालीच बसतात, सीटच्या पुढे, जमिनीवर. पाय लांब करून, जिथे क्लच-ब्रेक असायचे तिकडे.